किरकोळ दोषांची साखळी

साताऱ्याला आमचा जुना वाडा होता. मी आठ-नऊ वर्षांचा असताना तिथे चोरी झाली. वाड्याच्या पुढच्या दाराला आतून मनगटाएवढा जाड अडसर होता आणि रात्री तो सरकवल्याखेरीज आजोबा झोपत नसत. चोराने त्या दाराला हातही लावला नव्हता. सकाळी हवालदार आले आणि त्यांच्या मागोमाग आम्ही मुले परसात गेलो, तेव्हा चोराची वाट हळूहळू उलगडत गेली. जळणाची लाकडे परसातल्या भिंतीला टेकवून रचली होती, कारण तिथे पागोळ्या लागत नसत. त्या ढिगावर चढले की न्हाणीघराच्या पत्र्यावर पाय टाकता येई. पत्र्यावर उभे राहिले की माळ्याची खिडकी हाताशी येई. त्या खिडकीची खिटी आदल्या दिवाळीपासून सैल होती. माळ्यावरून जिना उतरला की समोर देवघर, आणि देवघरातल्या खुंटीवर कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा. आजीच्या पाटल्या गेल्या, चांदीची ताटे गेली.

आजोबांनी दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून पुढच्या दाराला आणखी एक अडसर बसवून घेतला. आजीने गड्याला हाक मारून जळण उचलून गोठ्यात टाकायला लावले.

कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेविषयी साध्या मराठीत काही लिहा, असे संपादकांनी मला सुचवले, तेव्हा पहिल्यांदा ही चोरीच आठवली. माझे सारे आयुष्य इथे सॉफ्टवेअर तपासण्यात गेले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्या फॉर्मवर नोंदवायच्या, हा माझा धंदा. प्रत्येक चुकीपुढे तीन चौकोन असत: गंभीर, मध्यम, किरकोळ. ‘किरकोळ’च्या चौकोनात मी किती हजार खुणा केल्या असतील, देव जाणे. आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक खूण तिच्यापुरती बरोबर होती. नेमके इथेच पाणी मुरते. वर्तमानपत्रात मोठी चोरी छापून येते तेव्हा आपल्याला वाटते, कोणीतरी पहारीने भिंत फोडली असणार. पुष्कळदा तसे काही झालेले नसते. जळण, पत्रा, खिटी आणि खुंटी एका ओळीत आलेली असतात, एवढेच.

जुन्या उदाहरणांपैकी सर्वांत सुरस उदाहरण १९८६ चे आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. दुर्बिणीच्या कामाचे अनुदान संपले म्हणून त्यांची रवानगी कॉम्प्युटर विभागात झाली. त्या काळी कॉम्प्युटर वापरला की मिनिटांचा हिशेब लागे आणि ज्याच्या त्याच्या खात्यावर बिल जाई. त्या महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक आला. आपल्याकडच्या एखाद्या कारकुनाने स्वतःच्या खिशातून बारा आणे टाकून वही मिटवली असती. स्टोल मागे लागले. कोणीतरी नऊ सेकंद कॉम्प्युटर वापरून पैसे दिले नव्हते, आणि तो ‘कोणीतरी’ प्रयोगशाळेतला नव्हता.

तो आत कसा आला, हे समजून घेण्यासारखे आहे. पहिली पायरी म्हणजे पडून राहिलेली खाती. माणूस नोकरी सोडून जातो, त्याचे खाते तसेच राहते. शिवाय त्या काळी मशीन कारखान्यातून येताना त्यावर दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञासाठी एखादे खाते आणि ठरलेला पासवर्ड असे, तो बदलण्याचे कष्ट पुष्कळ जण घेत नसत. अशा खात्यातून आत आलेल्या माणसाला फारसे काही करता येत नाही. तो वाड्यात नव्हे, परसात आलेला असतो.

दुसरी पायरी होती टपाल हलवणारा एक छोटा प्रोग्रॅम. आलेले पत्र एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवायचे, एवढेच त्याचे काम. सर्वांना सोयीचे जावे म्हणून बर्कलीत त्याला मशीनवरचे सर्वाधिकार दिले होते, आणि ‘दुसरी जागा’ कोणती हे तो तपासत नसे. म्हणजे पोस्टमनला साऱ्या गावाच्या किल्ल्या दिल्या होत्या आणि पाकिटावरचा पत्ता वाचायला मात्र कोणी सांगितले नव्हते.

तिसरी पायरी हा मुळी दोषच नव्हता. मशीनची झाडलोट करणारा एक प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी आपोआप, मालकाच्या अधिकाराने चालत असे. चालायलाच हवा होता. त्या पाहुण्याने टपाल हलवणाऱ्या प्रोग्रॅमकडून आपले ‘पत्र’ नेमके त्या झाडलोटीच्या प्रोग्रॅमच्या जागी ठेवून घेतले आणि पाच मिनिटे वाट पाहिली. मशीनने नेहमीप्रमाणे झाडलोट करायला घेतली आणि प्रत्यक्षात त्याचा प्रोग्रॅम चालवला. तो मशीनचा मालक झाला. मग त्याने मूळ प्रोग्रॅम जागच्या जागी ठेवून दिला. कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडे घालावे आणि कावळ्याने ते इमानाने उबवावे, तसा हा प्रकार. स्टोल यांच्या १९८९ च्या पुस्तकाचे नावही दुसऱ्याच्या घरट्यातल्या अशाच अंड्यावरून पडले आहे.

तिथून तो पुढे गेला. लोकांच्या टपालात एकमेकांना कळवलेले पासवर्ड वाचून दुसऱ्या मशीनवर, तिथून तिसऱ्यावर. स्टोल यांच्या नोंदींप्रमाणे त्याने सुमारे ४५० कॉम्प्युटरांची दारे ठोठावली आणि तिसाहून अधिक उघडली. त्यांत अमेरिकन लष्कराची मशीन्सही होती. शेवटी माग लागला तो पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार ही माहिती सोव्हिएत केजीबीला विकत होते. १९९० मध्ये त्यांना दोषी ठरवण्यात आले, पण शिक्षा स्थगित राहिली.

या हकिकतीत एकही अचाट युक्ती नाही, हे मला नेहमी विशेष वाटते. प्रयोगशाळेतल्या कोणालाही विचारले असते, ‘जुने खाते राहिले आहे, चालेल का?’ तर तो म्हणाला असता, ‘चालेल, त्यातून काय होणार?’ टपालाच्या प्रोग्रॅमबद्दल विचारले असते तर ‘इथे सगळी आपलीच माणसे आहेत’ असे उत्तर आले असते. दोन्ही उत्तरे एकेकटी खरी होती. परका माणूस आत नसेल तर टपालाचा दोष निरुपद्रवी, आणि टपालाचा दोष नसेल तर जुने खाते निरुपद्रवी. प्रत्येकाने दुसऱ्याच्या भिंतीवर भरवसा ठेवला होता.

आता आपल्या घराजवळचे उदाहरण घेऊ. ते मला जास्त भिववते, कारण त्यात लष्कर नाही, हेर नाहीत, आपल्यासारखाच एक कुटुंबवत्सल माणूस आहे. मॅट होनन हे तेव्हा ‘वायर्ड’ मासिकाचे पत्रकार होते. ऑगस्ट २०१२ मधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन एकाएकी कोरा झाला. पाठोपाठ आयपॅड, मग लॅपटॉप. मुलीचे जन्मापासूनचे फोटो त्या लॅपटॉपवर होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

हल्लेखोरांना खरे म्हणजे त्यांच्याशी काही देणेघेणे नव्हते. ट्विटरवर (तेव्हा त्याचे नाव ट्विटरच होते) होनन यांचे नाव फक्त तीन अक्षरी होते आणि ते त्या पोरांना हवे होते. ट्विटरवरून ते होनन यांच्या वेबसाइटवर गेले, तिथे जीमेलचा पत्ता मिळाला. जीमेलला ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर गूगलने दुसऱ्या, राखीव ईमेलचा पत्ता अर्धवट झाकून दाखवला. मधली अक्षरे ठिपक्यांनी झाकलेली होती, पण तो अॅपलचा पत्ता आहे हे उघड होते. म्हणजे अॅपलचे खाते उघडले की जीमेल उघडणार आणि जीमेल उघडले की ट्विटर.

अॅपलला फोन करून खाते उघडून घ्यायला त्या वेळी दोन गोष्टी पुरत: बिलाचा पत्ता आणि क्रेडिट कार्डाचे शेवटचे चार आकडे. पत्ता वेबसाइटच्या नोंदणीत सार्वजनिक होता. राहिले चार आकडे. ते अॅमेझॉनकडे होते. अॅमेझॉनला फोन करून, नाव, ईमेल आणि पत्ता सांगून, ‘माझ्या खात्यात हे नवीन कार्ड घाला’ असे सांगता येत असे. घालायलाच तर सांगतो आहे, काढायला नाही. त्यात धोका कोणता? मग फोन ठेवायचा, पुन्हा करायचा आणि म्हणायचे, ‘माझे खाते उघडत नाही.’ ओळख काय? तर पत्ता आणि खात्यावरचे एखादे कार्ड. मघाशी घातलेलेच कार्ड सांगायचे! मग खात्याला नवीन ईमेल जोडून, त्यावर पासवर्ड बदलून घेऊन आत जायचे. आत सगळ्या कार्डांचे पूर्ण आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार तेवढे दिसतात.

हे चार आकडे अॅमेझॉनच्या लेखी इतके बिनमहत्त्वाचे होते की ते पडद्यावर उघडे ठेवले होते. अॅपलच्या लेखी ते इतके महत्त्वाचे होते की तोच ओळखीचा पुरावा होता. दोन कंपन्यांपैकी एकीचेही नियम एकेकटे पाहिले तर मूर्खपणाचे नव्हते. पण एकीने जे कचऱ्यात टाकले होते, तेच दुसरीने तिजोरीचे कुलूप म्हणून लावले होते.

अॅपलला फोन गेला ४ वाजून ३३ मिनिटांनी. ५ वाजता आयफोन पुसला गेला, ५ वाजून २ मिनिटांनी ट्विटर गेले, ५ वाजून ५ मिनिटांनी लॅपटॉप. सगळा खेळ ३२ मिनिटांचा. लॅपटॉप पुसण्याचे कारण एवढेच की होनन यांनी मध्ये येऊन खाते परत मिळवू नये. पुढे एका तज्ज्ञ कंपनीने हजाराहून अधिक डॉलर घेऊन बराचसा मजकूर आणि फोटो परत मिळवून दिले. दोन्ही कंपन्यांनी काही दिवसांतच फोनवरचे हे प्रकार बंद केले. होनन यांनी स्वतःला दोष दिला तो दोन गोष्टींबद्दल: फोटोंची दुसरी प्रत ठेवली नाही आणि गूगलचे दुहेरी कुलूप, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड, लावले नाही. ते कुलूप असते तर राखीव पत्ता दिसलाच नसता आणि ही वाट सुरुवातीलाच बंद झाली असती. आजीचे जळण आठवते ना?

ज्यांचे काम सॉफ्टवेअरशी संबंधित आहे अशा वाचकांसाठी थोडे तांत्रिक लिहितो. इतरांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल. क्रोम ब्राउझर मुद्दाम एकमेकांपासून तोडलेल्या खोल्यांसारखा बांधलेला आहे. वेबपानातून एखादा किडा आत शिरलाच तर तो एका खोलीत अडकून पडावा, ही कल्पना. मार्च २०१२ मध्ये व्हँकुव्हरच्या एका परिषदेत गूगलने ही रचना भेदून दाखवणाऱ्यास बक्षीस लावले. ‘पिंकी पाय’ या टोपणनावाच्या एका तरुणाने ६० हजार डॉलर जिंकले ते सहा वेगवेगळे दोष जोडून. एका दोषाने त्याला वेबपानाला मिळू नये अशी जरा जवळची खोली मिळाली, दुसऱ्याने चित्रे काढणाऱ्या भागात थोडे चुकीच्या जागी लिहिता आले, आणि असे करत करत तो सेटिंग्जच्या खास पानापर्यंत पोचून, वापरणाऱ्याला न विचारता आपला प्रोग्रॅम बसवू शकला. शेवटचा दोष पाहा. ज्या पानापर्यंत परका पोचूच शकत नाही, त्या पानावर परवानगी विचारली नाही तर काय बिघडले, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले असते.

आमच्या धंद्यात दोषांना शून्य ते दहा असे गुण देण्याची पद्धत २००५ पासून रूढ आहे. आधी नऊ-दहावाले दुरुस्त करायचे, दोन-तीनवाले सवड मिळेल तेव्हा. पद्धतीच्या मार्गदर्शिकेत साखळीचा एकत्र विचार करायला मुभा आहे, पण सोमवारी सकाळी चारशे दोषांची यादी समोर असताना तो विचार करतो कोण? मायक्रोसॉफ्टच्या जॉन लॅम्बर्ट यांनी २०१५ मध्ये एका छोट्या लेखात याच दुखण्यावर बोट ठेवले: राखण करणारे याद्या करतात आणि हल्लेखोर नकाशा पाहतात, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते. मी आयुष्यभर याद्या केल्या.

त्यांतल्या एकीची कथा सांगायलाच हवी. साल २००३. कंपनीचे नाव सांगत नाही. ग्राहकांसाठीच्या आमच्या वेबसाइटवर चुकीचे नाव टाकले की ‘असा ग्राहक नाही’ असे येई आणि नाव बरोबर असेल तर ‘पासवर्ड चुकला’ असे. म्हणजे कोण ग्राहक आहे हे बाहेरच्याला कळे. मी ते नोंदवले आणि ‘किरकोळ’वर खूण केली. कितीही वेळा चुकीचा पासवर्ड टाकला तरी खाते बंद होत नसे. ते दुसऱ्या गटाने नोंदवले, ‘किरकोळ’. विक्री विभागाने प्रात्यक्षिकासाठी केलेले एक खाते सोप्या पासवर्डासह तसेच राहिले होते. ते कोणी नोंदवलेच नाही. आणि आत गेल्यावर बिलाच्या पानाच्या पत्त्यातला आकडा बदलला की शेजाऱ्याचे बिल दिसे. ते नोंदवणाऱ्याने ‘मध्यम’ लिहिले होते, कारण तिथे पोचायला आधी आत यावे लागते. कोणीतरी आत आले आणि एकेक आकडा वाढवत काही हजार ग्राहकांची नावे, पत्ते, फोन घेऊन गेले. नंतरच्या मीटिंगमध्ये आम्ही चौघे आपापले कागद घेऊन बसलो होतो. प्रत्येकाने आपली खूण कशी बरोबर होती ते सांगितले. माझीही बरोबरच होती. त्यानंतर ग्राहकांना पत्रे गेली, त्यांतले एक आमच्याच गावातल्या एका ओळखीच्या बाईंना आले आणि त्यांनी ते समजावून घ्यायला माझ्याकडे आणले. मी समजावून सांगितले. माझी सही कुठे होती, ते मात्र सांगितले नाही.

इक्विफॅक्सची २०१७ ची चोरी आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांच्या माहितीत आपल्या मंडळींचीही होती. तिथे पहिला दोष किरकोळ नव्हता, चांगला गंभीर होता आणि त्याची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती केली गेली नाही. पण ज्या भागात चोर शिरले तिथून सगळे हाती लागायचे कारण नव्हते. तिथे त्यांना पासवर्ड उघडे लिहिलेली एक फाइल सापडली आणि त्या जोरावर संबंध नसलेले ४८ डेटाबेस उघडले. बाहेर जाणारा माल तपासणारे यंत्र होते, पण त्याच्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली होती, म्हणून ते आंधळे झाले होते. सर्टिफिकेटचे नूतनीकरण ही कारकुनी बाब. २९ जुलैला ते नवीन बसवले आणि त्याच दिवशी चोरी दिसली. तोवर अडीच महिने गेले होते.

हे सगळे लिहायला घेतल्यावर एका शनिवारी मी आणि सौ. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून बसलो. यादी नाही, नकाशा काढायचा असे ठरवले. आपले एकेक खाते म्हणजे एक वर्तुळ, आणि ‘पासवर्ड विसरलो’ म्हटले की ज्याच्याकडे पत्र जाते तिकडे बाण. इथली बँक, पेन्शनचे खाते, पुण्यातल्या बँकेचे खाते, वीजबिल, फोटो. सगळे बाण माझ्या नेहमीच्या ईमेलकडे आले, ते अपेक्षितच होते. त्या ईमेलवरून एक बाण निघाला तो १९९८ मध्ये उघडलेल्या एका जुन्या पत्त्याकडे. तो पत्ता मी वर्षानुवर्षे वापरलेला नाही. त्याला दुहेरी कुलूप नाही. त्याचा पासवर्ड विसरला तर दोन प्रश्न विचारले जातात: तुमच्या आईचे माहेरचे आडनाव काय आणि तिचा जन्म कुठला?

हे प्रश्न ज्यांनी ठरवले त्यांना आपले लोक माहीत नव्हते. आपल्या नावातच वडिलांचे नाव असते. लग्नपत्रिकेत आजोळचे उल्लेख असतात. कोणी गेले की चार ओळींच्या निवेदनातही ‘माहेरच्या अमक्या’ हे येतेच, आणि न आले तर लोक फोन करून विचारतात. सौ.ने कागदावरून मान वर केली आणि म्हणाली, ‘‘अहो, आई गेल्या तेव्हा तुम्ही याच पुरवणीत लिहिलं होतंत ना?’’

मी कपाटातून तो अंक काढला. पहिल्याच वाक्यात दोन्ही उत्तरे होती, आडनाव आणि गाव, आणि खाली माझे पूर्ण नाव. शिवाय मंडळाने जुने अंक आता सर्वांना वाचता येतील असे ठेवले आहेत. म्हणजे वाट सरळ होती: तो लेख, जुना पत्ता, नेहमीचा ईमेल, बँक. जुन्या पत्त्याबद्दल मला कोणी कधी विचारले असते तर मी ‘किरकोळ’ म्हटले असते. त्यात आता काही येतच नाही.

‘‘मग काय आता, कुणावर लिहायचंच नाही?’’ सौ.ने विचारले. तसे काही करायचे कारण नव्हते. जुन्या पत्त्याकडे जाणारा बाण त्याच दुपारी खोडला, नेहमीच्या ईमेलला कोडचे दुहेरी कुलूप लावले, आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून मुलीकडे ठेवायला दिली. अर्ध्या दिवसाचे काम होते. राहिला तो प्रश्न. काही बँका तो अजून विचारतात आणि रिकामा ठेवू देत नाहीत. तेव्हा बँकांच्या दप्तरी आता माझ्या आईचे माहेर बदलले आहे. नवीन आडनाव सौ.ने सुचवले, ते कोणत्याही पोटजातीत बसत नाही आणि आईला ऐकून हसू आवरले नसते. कोणते, ते इथे लिहीत नाही.